हवं ते दिसतं कसं?

हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखावर नजर रोखा. नखावरची रेघ न् रेघ दिसते. आता नजर तसूभरही न हलवता शेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तारीख वाचून बघा. कॅलेंडर तिथे आहे एवढं कळतं, पण तारीख काही वाचता येत नाही. कोणत्याही एका क्षणी आपल्याला लख्ख दिसणारं जग साधारण त्या नखाएवढंच असतं.

याचं कारण डोळ्याच्या रचनेत आहे. दृष्टिपटलाच्या मधोमध एक चिमुकला खळगा असतो. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी तिथे दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि खळग्यापासून दूर जावं तशा विरळ होत जातात. एका डोळ्यात सुमारे 60 लाख शंकुपेशी आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे 12 कोटी दंडपेशी असतात. पण डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे तंतू असतात जेमतेम 10 ते 12 लाख. म्हणजे मेंदूपर्यंत पोचण्याआधीच बरीचशी माहिती गाळली जाते. उरलेली उणीव डोळे उड्या मारून भरून काढतात. सेकंदाला साधारण तीन वेळा नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर झेप घेते. या झेपा आपल्याला जाणवत नाहीत, म्हणून सगळं जग एकसारखं स्पष्ट असल्याचं आपण धरून चालतो.

शोधण्याचं कोडं इथेच सुरू होतं. पुढची झेप कुठे घ्यायची, हा निर्णय मेंदूला सेकंदातून तीन वेळा घ्यावा लागतो. नजर कुठेही भरकटत राहिली, तर अंगणात पडलेली किल्ली शोधायला अर्धा दिवस लागेल. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा मिनिटभरात सापडते. वस्तू दिसते म्हणून सापडते, असं आपण समजतो. खरा क्रम बराचसा उलटा आहे. काय शोधायचं आणि कुठे शोधायचं हे मेंदू आधी ठरवतो, नजरेला त्या दिशेने वळवतो, आणि मग वस्तू दिसते. हे ठरवण्याचं ज्ञान शिकता येतं, शिकवता येतं. आणि ते चुकलं तर डोळ्यांसमोरची वस्तूही दिसत नाही.

लाल छत्री आणि काळ्या छत्र्या

जुलैच्या पावसात गोव्यातल्या दिवाडी बेटावरून मांडवी नदी ओलांडून येणारी फेरीबोट नार्व्याच्या धक्क्याला लागते, तेव्हा उतरणाऱ्यांच्या डोक्यावर छत्र्याच छत्र्या असतात. तुम्ही ज्यांना न्यायला आला आहात त्यांची छत्री लाल आणि बाकी सगळ्या काळ्या असतील, तर शोधावं लागतच नाही. लाल छत्री आपोआप नजरेत भरते. काळ्या छत्र्या दहा असोत की पन्नास, वेळ तेवढाच लागतो.

आता समजा त्यांची छत्री लाल आणि पांढऱ्या काठाची आहे. गर्दीत साध्या लाल छत्र्याही आहेत आणि पांढऱ्या काठाच्या निळ्याही. आता एकेक छत्री तपासत जावं लागतं. गर्दी जितकी वाढेल तितका वेळ वाढतो.

हा फरक अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड या मानसशास्त्रज्ञांनी 1980 साली प्रयोगांच्या आधारे मांडला. त्यांनी लोकांना पडद्यावरच्या रंगीत अक्षरांमधून ठरावीक अक्षर शोधायला सांगितलं. फक्त रंगावरून ओळखता येणारं अक्षर क्षणात सापडे. रंग आणि आकार दोन्ही जुळायला हवे असतील, तर प्रत्येक जादा अक्षरामागे वेळ वाढत जाई. अक्षर पडद्यावर नसलंच, तर ही वाढ जवळपास दुप्पट वेगाने होई. ते स्वाभाविकच आहे. वस्तू असते तेव्हा ती सरासरी अर्ध्या वाटेवरच सापडते, नसते तेव्हा शेवटपर्यंत जावं लागतं. यावरून ट्रीझमन यांनी निष्कर्ष काढला की रंग, दिशा, आकारमान असे सुटे गुण मेंदू सगळ्या दृश्यभर एकदमच टिपतो, पण ते एका वस्तूत जोडायचे असतील तर तिथे लक्ष न्यावं लागतं.

पुढे 1989 साली जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चित्रात महत्त्वाची भर घातली. लक्ष आंधळेपणाने एकेका वस्तूवर जात नाही, त्याला आधीच वाट दाखवली जाते. लाल छत्री हवी असेल तर मेंदू निळ्या छत्र्या आधीच बाजूला सारतो आणि फक्त लालमध्ये शोधतो. लालही हवी, पांढरा काठही हवा, तर दोन्ही गुण असलेली जागा सर्वांत वरच्या क्रमांकावर येते आणि नजर तिथे आधी जाते.

दोन वस्तू एकमेकींसारख्या असल्या की शोध लांबतो, हे तर आपण रोज अनुभवतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण आणि त्यांचे सहकारी याच अनुभवाकडे मोजमापाचं साधन म्हणून बघतात. शोधायला लागलेल्या वेळाचा व्यस्तांक घेतला, म्हणजे एकाला त्या वेळेने भागलं, तर दोन आकृत्या मेंदूच्या लेखी एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत याचं माप मिळतं, असं त्यांनी दाखवलं. झटकन सापडणं म्हणजे मोठा फरक, उशिरा सापडणं म्हणजे छोटा फरक. मेंदूच्या आत डोकावण्याची ही एक साधी खिडकी आहे.

मेंदूतली ग्रामसभा

डोळ्यांकडून आलेली माहिती डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात पोचते. तिथल्या एकेका चेतापेशीला दृश्याचा एक लहानसा तुकडा नेमून दिलेला असतो. एखादी पेशी उभ्या रेघेला प्रतिसाद देते, एखादी तिरप्या. हे शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टन वीझेल यांना 1981 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढच्या टप्प्यांवर रेघांचे आकार होतात, रंग जोडले जातात, आणि कानशिलाच्या बाजूच्या भागात, शंखखंडात, चेहरे, भांडी, फळं अशा अख्ख्या वस्तूंना प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळतात.

अडचण अशी की दृश्यात वस्तू अनेक असतात आणि पेशी त्या सगळ्यांना प्रतिसाद देऊ पाहतात. ग्रामसभेत सगळे एकदम बोलू लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही. एक रस्त्याबद्दल बोलतो, दुसरा विजेबद्दल, तिसरा पाण्याबद्दल. सरपंचांनी ‘आधी पाण्याचं बोला’ म्हटलं की पाण्याबद्दल बोलणाऱ्यांचे आवाज चढतात आणि बाकीचे खाली बसतात. रॉबर्ट डेसिमोन आणि जॉन डंकन यांनी 1995 साली मांडलेला सिद्धान्त थोडक्यात हाच आहे. दृश्यातल्या वस्तूंची मेंदूत चढाओढ चालते, आणि आपण काय शोधत आहोत त्याचं पारडं मेंदू आधीच जड करून ठेवतो.

याचा पुरावा माकडांच्या मेंदूतल्या एकेका पेशीची नोंद घेऊन मिळाला. 1993 साली लिओनार्डो चेलाझी, डेसिमोन आणि सहकाऱ्यांनी माकडाला आधी एक चित्र दाखवलं. मग थोडं थांबून, अनेक चित्रांमधून तेच शोधायला लावलं. मधल्या रिकाम्या वेळातही त्या चित्राशी जुळणाऱ्या पेशी किंचित जास्त सक्रिय राहत होत्या, जणू आठवण धरून होत्या. चित्रं समोर आली की सुरुवातीला सगळ्यांनाच प्रतिसाद उठे. पण साधारण एक पंचमांश सेकंदात बाकीचा प्रतिसाद दबे आणि हव्या त्या चित्राचाच उरे. त्यानंतर माकडाची नजर तिकडे वळे.

2005 साली नार्सिस बिशो आणि डेसिमोन यांच्या गटाने आणखी बारकावा पाहिला. माकड लाल वस्तू शोधत असेल, तर लाल रंगाला दाद देणाऱ्या पेशी दृश्यात जिथे जिथे लाल होतं तिथे तिथे जोरात आणि एका तालात प्रतिसाद देत होत्या, अजून नजर तिथे गेलेलीही नसताना. ही आज्ञा येते कुठून? त्याच गटाने 2015 साली मेंदूच्या पुढच्या भागातलं एक लहानसं क्षेत्र दाखवून दिलं. ते काही काळ निष्क्रिय केलं की माकडाला हवी ती वस्तू शोधणं अवघड जाई. म्हणजे दृष्टी ही एकेरी वाट नाही. डोळ्यांकडून जितकं वर येतं, तितकीच महत्त्वाची आज्ञा वरून खाली जात असते.

शिलालेख कुठे असतो?

काय शोधायचं हे कळलं. कुठे शोधायचं हे कसं कळतं?

नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ घ्या. कदंब राजांचं हे दैवत मूळचं पलीकडच्या दिवाडी बेटावरचं. पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर ते नदीच्या अलीकडे, डिचोली महालातल्या नार्व्याला आलं. 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने इथल्या देवळाच्या उभारणीला सुरुवात झाली. ते सांगणारा शिलालेख देवळात आहे, एवढंच कुणी पहिल्यांदा येणाऱ्याला सांगितलं, तर त्याची नजर कुठे जाईल? घुमटावर जाणार नाही, दीपस्तंभावरही नाही. ती दाराकडे जाईल, चौकटीवर फिरेल. आणि शिलालेख दारावरच आहे. त्या माणसाने हा लेख आधी कधी पाहिलेला नसतो. पण शिलालेख कुठे कोरतात याची माहिती त्याच्या मेंदूत आधीच्या देवळांनी, वाड्यांनी, किल्ल्यांच्या दरवाजांनी भरून ठेवलेली असते.

दृश्याचं एकूण स्वरूप मेंदू एका झटक्यात ओळखतो. हे देऊळ, हा बाजार, हे स्वयंपाकघर, हे कळायला पहिली नजर पुरते. त्या ओळखीबरोबर कोणती वस्तू कुठे असणार याचा अंदाजही येतो. हा अंदाज इतका पक्का असतो की तो कधीकधी अंगलट येतो. मिगेल एक्स्टीन यांच्या गटाने 2017 साली स्नानघराच्या चित्रात दातांचा एक अवाढव्य ब्रश ठेवला आणि लोकांना ब्रश शोधायला सांगितलं. नेहमीच्या आकाराचा ब्रश सापडे, पण हा मोठा ब्रश अनेकांच्या नजरेतून निसटे. ब्रश केवढा असावा हे मेंदूने ठरवलेलं असतं, त्यामुळे त्या मापात न बसणाऱ्या वस्तूची तो दखल घेत नाही. याच चाचणीत संगणकावरच्या कृत्रिम चेताजाळ्यांची अशी गफलत झाली नाही. पण म्हणून मेंदूची रीत कमी दर्जाची ठरत नाही. मापाचा विचार केल्यामुळेच आपण रोजच्या जगात असंख्य खोट्या साम्यांकडे दुर्लक्ष करून झटपट शोधू शकतो.

अळमी शोधणारी नजर

या सगळ्याचा कस बघायचा असेल तर पावसाळ्यात डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या डोंगरांवर अळमी शोधणाऱ्यांबरोबर जावं. मराठीत इतरत्र आपण यांना अळंबी म्हणतो. गोव्यात सर्वांत मोलाची ती रोयणीवरची, म्हणजे वारुळावर उगवणारी अळमी. वाळवी आपल्या वारुळात पालापाचोळा चावून त्याचे गठ्ठे रचते आणि त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी जोपासते. पावसाने जमीन भिजली की ती बुरशी वर फळते. तिचा देठ मुळासारखा खाली थेट त्या गठ्ठ्यापर्यंत पोचलेला असतो. गोवा विद्यापीठाचे नंदकुमार कामत यांनी या अळम्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि त्या ओरबाडल्या जाऊ नयेत म्हणून सातत्याने लिहिलं.

जमिनीतून नुकतंच डोकं वर काढणारं अळमं जवळून पाहावं. टोकदार, मातकट करड्या रंगाचं बोंड, खाली फिकट देठ, वर चिकटलेली ओली माती. भोवती तोच रंग आणि तोच पोत असलेला कुजका पाला. नवख्या माणसाला यात काहीही दिसत नाही. जाणता माणूस मात्र अळमं शोधतच नाही, तो आधी जागा शोधतो. पाऊस किती पडला, ऊन कधी पडलं, वारूळ कुठे आहे, गेल्या वर्षी कुठे मिळाली होती. डोंगरभर पसरलेला शोध अशा तऱ्हेने आवळत आवळत हातभर जमिनीवर येतो. मग तो ज्या टोकदार बोंडासाठी नजर लावतो, त्या आकाराला दाद देणाऱ्या मेंदूतल्या पेशींचं पारडं जड झालेलं असतं.

आणि एक अळमं सापडलं की आजूबाजूची पटापट दिसू लागतात. हा भास नाही. नुकतंच सापडलेलं लक्ष्य पुढच्या शोधाला वेग देतं, हे व्हेरा मालकोविच आणि केन नाकायामा यांनी 1994 साली प्रयोगशाळेत दाखवलं. पक्ष्यांमध्येही असंच काही घडत असावं, असा विचार त्याआधीच मांडला गेला होता. डच निसर्गअभ्यासक लूक टिनबर्गन यांनी पाइनच्या जंगलात पक्षी पिल्लांना कोणत्या अळ्या भरवतात याची नोंद ठेवली. एखादी नवी अळी जंगलात दिसू लागली तरी पक्षी सुरुवातीला ती फारशी आणत नसत, आणि मग एकाएकी भरपूर आणू लागत. त्यांच्या मते त्या अळीची ‘शोधप्रतिमा’ पक्ष्यांना मधल्या काळात गवसलेली असे. टिनबर्गन यांचं हे लिखाण त्यांच्या निधनानंतर 1960 साली प्रसिद्ध झालं.

शोधप्रतिमेची दुसरी बाजू जीवशास्त्रज्ञ याकोब फॉन युक्सक्युल यांनी 1934 साली एका अनुभवातून सांगितली. एका घरी जेवताना त्यांच्यासमोर नेहमी मातीची पाण्याची सुरई असे. एके दिवशी ती फुटल्यामुळे तिथे काचेची ठेवण्यात आली. त्यांनी पाणी मागितलं, पण समोरची काचेची सुरई त्यांना दिसेना. ती तिथेच आहे असं सांगितल्यावर मग ताटाकाट्यांवर विखुरलेली चमक एकत्र येऊन तिची सुरई झाली. मातीच्या सुरईची प्रतिमा मनात होती, तीच काचेच्या सुरईच्या आड आली.

म्हणून अळम्यांच्या बाबतीत एक इशारा द्यायलाच हवा. खाण्याजोग्या अळमीसारख्या दिसणाऱ्या विषारी जाती असतात, आणि शोधाच्या भरात मेंदू साम्य आधी पाहतो, फरक नंतर. वेगाने सापडलेली प्रत्येक अळमी सावकाश तपासायला हवी, आणि तीही पक्क्या जाणत्या माणसाने.

कातळावरच्या रेषा

शोधप्रतिमा तयार झाली की समाजालाही नवं दिसू लागतं. कोकणच्या जांभ्या सड्यांवर कोरलेली चित्रं हजारो वर्षं उघड्यावर होती. गुराखी आणि शेतकरी त्यातल्या अनेकांना ओळखून होते. गोव्यात सांगे तालुक्यातल्या उसगाळीमळ इथली, कुशावतीकाठची चित्रं 1993 साली अभ्यासकांपुढे आली. सिंधुदुर्गातल्या कुडोपीची चित्रं सतीश लळीत यांनी 2012 साली उजेडात आणली. रत्नागिरीत सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी गावोगावच्या लोकांना विचारत सडे पायाखाली घातले आणि शेकडो आकृत्या नोंदवल्या. 2022 साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली.

दुपारच्या उन्हात अशी रेघ जवळजवळ दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा कोरलेल्या खाचेच्या एका कडेला सावली येते. रेघेचा रंग भोवतीच्या कातळासारखाच असतो, पण ती सावली मेंदूतल्या कडा टिपणाऱ्या पेशींना पुरते. अभ्यासकांनी इथे दोन्ही गोष्टी साधल्या. उजेडाची वेळ निवडून लक्ष्याचा भोवतालापासूनचा फरक वाढवला, आणि स्थानिकांना विचारून शोधाची जागा आवळली.

जे क्वचित येतं ते निसटतं

पेडणे तालुक्यात मोपा इथला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी 2023 पासून प्रवासी वाहतुकीसाठी सुरू झाला. कुठल्याही विमानतळावर क्ष-किरण यंत्रासमोर बसलेला सुरक्षाकर्मचारी जगातला एक अत्यंत कठीण शोध घेत असतो. बॅगेत चार्जर, बाटल्या, चपला, डबे एकमेकांवर चढलेले. शोधायची वस्तू शेकडो प्रकारची. आणि ती जवळजवळ कधीच नसते.

हे शेवटचं कारण सर्वांत घातक आहे. वुल्फ, टॉड हॉरोविट्झ आणि नाओमी केनर यांनी 2005 साली लोकांना अशा गजबजलेल्या चित्रांत एक ठरावीक वस्तू शोधायला लावली. ती निम्म्या चित्रांत असताना लोक ती 7 टक्के वेळा चुकवत. ती 100 पैकी एकाच चित्रात असताना चुकण्याचं प्रमाण 30 टक्क्यांवर गेलं. डोळे तेच, चित्रं तशीच. ‘नसणारच’ या अपेक्षेने मेंदू शोध लवकर थांबवतो. म्हणूनच अनेक विमानतळांवर यंत्र अधूनमधून बॅगांच्या प्रतिमांत खोटी शस्त्रं मिसळतं. लक्ष्य अधूनमधून सापडत राहिलं की नजर जागी राहते.

तज्ज्ञही याला अपवाद नाहीत. 2013 साली ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि वुल्फ यांनी 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठा गोरिला बसवला होता. 20 जणांना तो दिसला नाही. नजरेचा माग ठेवणाऱ्या यंत्राने सांगितलं की त्यातल्या 12 जणांनी थेट त्याच्याकडे पाहिलं होतं. या डॉक्टरांवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवणं अन्यायाचं ठरेल. गाठीसाठी लावलेल्या मेंदूने गोरिला बाजूला सारला, आणि हेच मेंदूचं काम आहे. दोष द्यायचा तर एकाच माणसाने, एकाच बैठकीत, एकाच गोष्टीसाठी बघावं या व्यवस्थेला द्यायला हवा. दुसऱ्या डॉक्टरची नजर, पाळ्यांमधली विश्रांती, आणि ‘याखेरीज काय आहे?’ असा वेगळा प्रश्न घेऊन केलेली दुसरी फेरी, हे उपाय मेंदूच्या स्वभावाला धरून आहेत.

शोधायला शिकवणं

घरात हरवलेल्या वस्तूलाही हेच नियम लागू आहेत. ‘चष्मा कुठे गेला?’ असं म्हणत फिरण्यापेक्षा चष्म्याची काडी कोणत्या रंगाची, तो उघडा असेल की मिटलेला, हे आधी मनात आणावं. सापडला नाही तर प्रतिमाच बदलावी: तो कशाखाली झाकला गेला असेल, फक्त एक कोपरा दिसत असेल. आणि दुसऱ्याला बोलवावं, कारण त्याच्या मनात आपली चुकीची प्रतिमा नसते.

पण याहून मोठी गोष्ट अशी की शोधणारी नजर जन्मजात मिळत नाही, ती घडते. ती वारूळ ओळखणाऱ्या आजीच्या मागे चालून, कातळावर बोट ठेवणाऱ्या गुराख्याकडून, किंवा शेकडो स्कॅन पाहून घडते. छायाचित्रांचं पुस्तक लक्ष्य कसं दिसतं ते सांगू शकतं. पण कुठे बघायचं, कधी बघायचं आणि कुठे बघायचं नाही, ही माहिती चालता चालता, चुका होताना आणि दुरुस्त होताना मेंदूत उतरते. डिचोलीतल्या किंवा पेडण्यातल्या कुणा मुलाने डोंगर कधी जाणत्यांबरोबर पालथा घातलाच नाही, तर त्याचे डोळे कितीही तीक्ष्ण असोत, त्याच्यासाठी तो डोंगर रिकामाच असेल. म्हणून अशी नजर असलेल्या माणसांना शिक्षक मानायला हवं, आणि त्यांच्याबरोबर चालायला मुलांना पाठवायला हवं.